फक्त एक पाऊल हलते

खोलीत फारशी हालचाल नसते. रुग्णाला भूल दिलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दातांमध्ये रबराचा ठोकळा. घोट्याच्या वर रक्तदाब मोजायचा पट्टा हवा भरून घट्ट आवळलेला. तो इथे रक्तदाबासाठी नाही. हाताच्या शिरेतून जे स्नायू सैल करणारे औषध जाणार, ते त्या एका पावलापर्यंत पोचू नये म्हणून तो बांधलेला असतो. डॉक्टर कळ दाबतात. जबडा क्षणभर आवळतो आणि बाकीचे अंग जवळजवळ निपचित राहते. ते पाऊल मात्र थरथरू लागते आणि कोणीतरी घड्याळाकडे पाहून सेकंद मोजते. वीस, तीस, चाळीस. यंत्रातून मेंदूलहरींच्या रेघा उमटलेली कागदाची पट्टी सरकत बाहेर येते. पाऊल थांबते, रेघा सपाट होतात. थोड्या वेळाने रुग्ण स्वतःचा श्वास स्वतः घेऊ लागतो.

ही इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी. दवाखान्यात तिला ईसीटी म्हणतात आणि घरात दबक्या आवाजात ‘शॉक’. हा शब्द लोकांच्या मनात इतका घट्ट बसला आहे की वीज हेच औषध, असा समज होतो. खरे तर औषध आहे ती आकडी, म्हणजे फिट. वीज हे ती आणण्याचे साधन. या उपचाराची सुरुवात झाली तेव्हा विजेचा संबंधही नव्हता.

बुडापेस्टमधले लादिस्लास मेदुना मृत रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत आधार देणाऱ्या ग्लिया पेशी त्यांना भरपूर दिसल्या, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत विरळ. यावरून त्यांनी अनुमान काढले की हे दोन आजार एकमेकांचे वैरी असावेत. तेव्हा एक आणला तर दुसरा हटेल. अनुमान चुकीचे होते. तरीही जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी तेलात विरघळवलेल्या कापराचे इंजेक्शन देऊन एका रुग्णाला आकडी आणली, आणि पुढे असे काही रुग्ण खरोखरच सुधारले. चुकीच्या सिद्धांताच्या हाताला बरोबर उपचार लागल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत, पण इतके ठळक क्वचितच. कापराच्या जागी लवकरच कार्डियाझोल नावाचे रसायन आले. इंजेक्शन आणि आकडी यांच्या मधल्या काही क्षणांत रुग्णाला मरणाची भीती घेरत असे. एकदा अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्या सुईला तयार होत नसे.

रोममध्ये उगो चेर्लेत्ती कुत्र्यांना विजेने आकडी आणून अपस्माराचा अभ्यास करत होते. एक टोक तोंडात, दुसरे गुदद्वारात, अशी त्यांची पद्धत होती आणि त्यात पुष्कळ कुत्री मरत. प्रवाह हृदयातून जातो म्हणून ती मरतात, हे त्यांचे तरुण सहकारी लुचियो बिनी यांच्या लक्षात आले. दोन्ही टोके कानशिलांवर लावली तर हृदय वाटेत येत नाही. खात्री करायला दोघे शहराच्या कत्तलखान्यात गेले. तिथे डुकरांच्या डोक्याला विजेचा चिमटा लावून ती बेशुद्ध पडली की गळा चिरत. वीज लावल्यावर न चिरता सोडलेली डुकरे उठून चालू लागतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. बिनी यांनी यंत्र बांधले. किती व्होल्ट आणि सेकंदाचा कितवा भाग, एवढेच ते ठरवत असे.

एप्रिल १९३८. रोमच्या रेल्वे स्थानकावर पोलिसांना भरकटलेला, असंबद्ध बोलणारा एक माणूस सापडला. त्याला दवाखान्यात आणले गेले. पहिल्या खेपेला वीज कमी पडली आणि आकडी आली नाही. तो माणूस मोठ्याने गाऊ लागला. डॉक्टरांची आपसांत चर्चा चालू असताना, चेर्लेत्ती यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, तो अचानक स्वच्छ भाषेत म्हणाला की पुन्हा नको, हे जीवघेणे आहे. त्यांनी व्होल्ट वाढवून पुन्हा कळ दाबली. आकडी आली. अकरा उपचारांनंतर तो माणूस नीट बोलू लागला आणि घरी गेला. पुढे त्याचा आजार पुन्हा उलटला.

या यंत्राचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण त्या माणसाच्या बरे होण्यावर थांबतात. थांबायला हवे ते त्याच्या नकारावर. बडबडीतून बाहेर येऊन त्याने उच्चारलेले पहिले शहाणे वाक्य नकाराचे होते आणि ते कोणी ऐकले नाही. पुढची कित्येक दशके रुग्णालयांनी तोच कित्ता गिरवला.

रोममध्ये हा प्रयोग पाहिलेले लोथार कालिनोव्स्की हे ज्यू वंशाचे जर्मन डॉक्टर. नाझींपासून दूर जाता जाता त्यांनी हे तंत्र युरोपातून न्यूयॉर्कपर्यंत नेले. काही वर्षांतच ते जगभरच्या मनोरुग्णालयांत पोचले. तीव्र मनोविकारांवर तेव्हा दुसरे प्रभावी औषधच नव्हते. पण भूल न देता आणलेल्या आकडीत स्नायू इतक्या जोराने आवळत की पाठीचे मणके मोडत. १९४० मध्ये अमेरिकेतील ए. ई. बेनेट यांनी त्यावर उतारा शोधला तो क्युरारेचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावत त्या विषाचा. क्युरारे धोक्याचे होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधून सक्सिनिलकोलीन आले. काही मिनिटांत उतरणारे हे औषध आजही वापरात आहे. स्नायू लुळे पडलेला माणूस जागा असेल तर ते भयंकर, म्हणून आधी भूल. श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून भूलतज्ज्ञ.

ज्या रुग्णालयांत शेकडो रुग्णांमागे मोजके डॉक्टर, तिथे हे सगळे गाळले गेले. आरडाओरड करणाऱ्याला गप्प करायला, शिस्त लावायला यंत्र वापरले गेले. १९७५च्या ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ या चित्रपटाने तेच दृश्य पडद्यावर आणले आणि ते जगाच्या डोळ्यांसमोरून हलले नाही. त्या दृश्याला खोटे म्हणता येणार नाही.

याच सुमारास शास्त्रज्ञांनाही एक मूळ प्रश्न सतावू लागला. रुग्ण बरा होतो तो आकडीने, की भूल, देखभाल आणि अपेक्षेने? उत्तरासाठी ब्रिटनमध्ये काही रुग्णांना खरी ईसीटी आणि काहींना नुसती भूल देण्यात आली. कोणाला काय मिळाले ते रुग्णांना माहीत नव्हते. १९८०च्या नॉर्थविक पार्क चाचणीत खरा उपचार सरस ठरला, पण फरक मोठा नव्हता आणि काही महिन्यांत तो विरून गेला. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत बी. एन. गंगाधर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये खरी ईसीटी आणि खोटी ईसीटी अधिक इमिप्रामिन हे औषध यांची तुलना प्रसिद्ध केली. ईसीटीचा गुण आधी दिसला, नंतर औषधाने तिला गाठले. खाणेपिणे सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या माणसाच्या घरच्यांना त्या ‘आधी’चे मोल कळते.

सर्वांत खोल प्रश्न मात्र न्यूयॉर्कमध्ये हॅरोल्ड सॅकाइम यांनी विचारला. पुरेशी लांब आकडी आली म्हणजे उपचार झाला, असे तोवर मानले जाई. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने ९६ रुग्णांचा अभ्यास छापला. डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला कमी मात्रा दिलेल्या रुग्णांनाही आकडी येत होती, पण त्यांच्यात गुण आला १७ टक्क्यांना. दोन्ही बाजूंना उच्च मात्रा दिलेल्यांत ६३ टक्क्यांना. म्हणजे आकडी हवीच, पण तेवढी पुरत नाही. ती कुठून आणि किती जोराने सुरू झाली यालाही अर्थ आहे. तेव्हापासून आधी रुग्णाला आकडी यायला लागणारी किमान मात्रा मोजायची आणि मग तिच्या पटीत मात्रा ठरवायची, ही रीत रुजली. बिनी यांच्या यंत्रातून भिंतीतल्या विजेची सलग लाट जाई. आजचे यंत्र ती तोडून मिलिसेकंदाचे, कधी त्याहूनही लहान, वेगळे ठोके देते. मेंदूच्या पेशीला पेटायला तेवढाच ठोका पुरतो. बाकीची वीज स्मृतीचे नुकसान करण्यापलीकडे फार काही करत नाही.

स्मृतीबद्दल आडपडदा ठेवू नये. उपचाराच्या आगेमागच्या आठवड्यांच्या, काहींच्या बाबतीत महिन्यांच्या, आठवणी पुसट होतात आणि काही कायमच्या जातात. न्यूयॉर्क परिसरातील सात रुग्णालयांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सलग लाटेचे यंत्र वापरलेल्या रुग्णांचे नुकसान जास्त निघाले. दोन्ही बाजूंच्या पद्धतीतही विसर जास्त होता. लग्नाच्या वाढदिवसाचा प्रवास आठवत नाही, असे सांगणाऱ्या बाईला ‘तुम्ही बऱ्या झालात ना’ हे उत्तर पुरेसे नाही. आणि बरे होणेही टिकवावे लागते. २००१च्या एका चाचणीत ईसीटीने सुधारलेल्या रुग्णांना नंतर नुसत्या औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलीन आणि लिथियम जोडीने दिल्यावर हा आकडा ३९वर आला.

भ्रम असलेले तीव्र नैराश्य आणि माणूस पुतळ्यासारखा थिजून जातो तो कॅटाटोनिया, या दोन अवस्थांत ईसीटीचा गुण सर्वांत स्पष्ट दिसतो. कॅटाटोनिया स्वमग्न मुलांतही येतो. स्वतःच्या डोक्यावर दिवसभर ठोसे मारणाऱ्या काही स्वमग्न मुलांवर बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर संस्थेतील मनोविकारतज्ज्ञ ली वॉक्टेल यांनी हा उपचार केला आहे. तो चालतो कसा, हे अजून उलगडलेले नाही. उपचारानंतर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा आकार वाढतो हे एमआरआयमध्ये दिसले, पण तो जास्त वाढलेले रुग्ण जास्त बरे झाले असे आढळले नाही.

भारतात वाद पेटला तो भूल न देता होणाऱ्या ईसीटीवरून. दिल्लीच्या सार्थक संस्थेने २००१ मध्ये ती थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी या उपचाराविरुद्ध रुग्णांच्या बाजूने सातत्याने आवाज उठवला. अखेर २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याच्या मसुद्याला पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील सौमित्र पाठारे आणि सहकाऱ्यांचा हातभार होता. कलम ९५ने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली. अठरा वर्षांखालील मुलांना पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती देता येत नाही. त्याच कलमात रुग्णाला साखळीने बांधण्यालाही मनाई आहे. तातडीचा उपचार म्हणूनही ईसीटी देता येत नाही.

काही मनोविकारतज्ज्ञांचा आक्षेप असा की भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी ही बंदी म्हणजे गरीब रुग्णाला उपचारच नाकारणे. अडचण खरी आहे. पण तिचा उपाय मणके मोडण्याचा धोका पत्करणे हा नव्हे. जिल्ह्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ एकच असेल, तर सकाळी तो आधी बाळंतिणीच्या सिझेरियनला जाणार, मग मोडलेल्या मांडीच्या शस्त्रक्रियेला. ईसीटीच्या खोलीत रात्रीपासून उपाशी ठेवलेला रुग्ण, हातात सलाईनची सुई, घोट्याच्या वर अजून हवा न भरलेला पट्टा. दाराशी बसलेली त्याची आई दर काही मिनिटांनी आत डोकावून विचारते, डॉक्टर आले का?