घरगुती ब्लास्टिंग आणि हवेचा हिशोब

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिलमध्ये तापून लाल झालेले पोलाद रुळांमधून लाटले जाते, तेव्हा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर निळसर-काळा, ठिसूळ थर बसतो. त्याला मिलस्केल म्हणतात. घरच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या बहुतेक अँगल-पट्ट्यांवर असाच थर असतो, आणि रंग कितीही भारी असला तरी हा थर सुटला की रंगही त्याच्याबरोबर सुटतो. घट्ट बसलेले मिलस्केल वायरब्रशने निघत नाही, नुसते चकाकते. हवेच्या झोताने कठीण कण आपटून ते फोडणे, म्हणजेच ब्लास्टिंग करणे, हा त्यावरचा खात्रीचा उपाय होय.

या पद्धतीचे पेटंट बेंजामिन टिल्घमन या अमेरिकी संशोधकाने १८७० मध्ये घेतले व तिला सँडब्लास्टिंग हे नाव पडले, तरी अंबड-घनसावंगीकडची गोदावरीची वाळू हाताशी आहे म्हणून ती वापरणे सर्वथा वर्ज्य समजावे. वाळूतील गारेचे कण आदळून फुटले की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते व फुप्फुसात रुतून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडवते. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतील ब्लास्टिंगमध्ये वाळूला मनाई केली. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही सिलिकोसिस हा अधिसूचनीय रोग होता. घरामागच्या शेडला असे कायदे सहसा लागू होत नाहीत, पण फुप्फुसांना हा भेद कळत नाही. वाळूऐवजी गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्यावे. दोन्ही गोळा करून, चाळून पुन्हा वापरता येतात.

खरी निवड मात्र कण फेकणाऱ्या गनची नसून कॉम्प्रेसरची असते, आणि बहुतेक पैसा इथेच चुकीच्या जागी जातो. सुमारे ६ बार दाबावर ३ मिलिमीटरच्या नोझलला मिनिटाला साधारण १८ ते २० घनफूट हवा लागते, तर पिस्टन कॉम्प्रेसर अश्वशक्तीमागे जेमतेम ४ घनफूट हवा देतो. म्हणजे एवढ्याशा छिद्रासाठीही ५ अश्वशक्तीचे यंत्र आणि बहुधा थ्री-फेज जोडणी हवी. छिद्राचा व्यास दुप्पट केला की हवेची गरज चौपट होते. कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा आकडा पुष्कळदा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेचा नव्हे. आणि टाकी मोठी असल्याने दाब पडायला थोडा उशीर लागतो, इतकेच. पंक्चरच्या दुकानातल्यासारख्या २ अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरवर २ मिलिमीटरचे नोझल लावून, थांबत थांबत, लहान सुटे भाग तेवढे साफ होतील.

अशा लहान कामासाठी बंद कॅबिनेट उत्तम, कारण धूळ व कण आतच राहतात. त्यातील सक्शन गन कण ओढून घेते, म्हणून ती मंद पण स्वस्त पडते. प्रेशर पॉट कण दाबाने ढकलत असल्याने कितीतरी वेगाने काम करतो, पण त्याच्या झाकणावर व सुरक्षा-झडपेवर काटकसर करू नये. फाटकासारखी मोठी वस्तू उघड्यावर ब्लास्ट करायची असेल, तर स्वच्छ हवेच्या नळीचे शिरस्त्राण लागते; तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी ठरतो. तो खर्च झेपत नसेल, तर फाटक व्यावसायिकाकडेच पाठवावे.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी उतरते व कणांच्या गुठळ्या होऊन नोझल तुंबते, म्हणून गनपूर्वी ओलावा अडवणारा सापळा बसवावा. आणि उघडे पडलेले पोलाद दमट हवेत काही तासांतच गंजू लागत असल्याने प्रायमर त्याच दिवशी, हाताचा घाम लागण्यापूर्वी मारावा.