गोव्याचा करार आणि आफ्रिकेतलं युद्ध

वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतला, गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. पण गोवा भारताचा आहे, हे लिस्बनने कागदावर मान्य केलं ते थेट ३१ डिसेंबर १९७४ रोजी. मधली तेरा वर्षं अडलं कुठे?

आफ्रिकेत. अंगोला, गिनी, मोझांबिक इथल्या स्वातंत्र्यसैनिकांशी पोर्तुगाल लढत होता. गोवा गेला हे कबूल केलं, तर अंगोलासाठी पोरांना मरायला का पाठवायचं? सक्तीची भरती चुकवायला हजारो तरुण फ्रान्सला पळाले. लोकशाहीत हा राग मतपेटीत उतरला असता. सालाझार आणि नंतर कायतानो यांच्या राजवटीत ती सोयच नव्हती; निवडणुका नावापुरत्या, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. मग राग साठला बराकीत! त्यातही, गंमत बघा, पुढाकार घेतला तो कॅप्टन हुद्द्याच्या अधिकाऱ्यांनी. पुन्हा पुन्हा आफ्रिकेत जायचं त्यांनाच. सुरुवात बढतीच्या तक्रारीवरून झाली, राजकीय विचार मागाहून आला. २५ एप्रिल १९७४ रोजी त्यांनी सरकार उलथवलं.

वसाहतीच सोडायच्या ठरल्यावर गोव्याचा हट्ट कशाला धरायचा? दिल्लीत करार झाला. तिकडून सही मारियो सोआरेस यांची, इकडून आपल्या यशवंतराव चव्हाणांची.