अंथरूण पाहून पाय... तेही घटनेनुसार!

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. क्रेडिट कार्डाचं बिल आलं की माझी आई मला ते हमखास ऐकवते. पण एका देशाने हाच फंडा चक्क राज्यघटनेत लिहून ठेवलाय, हे कळल्यावर मी उडालेच!

तो देश म्हणजे जर्मनी. मंदीच्या तडाख्यात, २००८ च्या डिसेंबरमध्ये चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी स्वाबिया भागातल्या काटकसरी गृहिणीचा दाखला दिला. तिकडची आपली आईच म्हणा ना! पुढच्याच वर्षी घटनेत ‘कर्जाचा ब्रेक’ बसला. तेजी-मंदीचा हिशेब वगळून केंद्राने वर्षाला जीडीपीच्या फार तर ०.३५ टक्के नवं कर्ज काढायचं. राज्यांनी तर तेव्हाच्या नियमानुसार अजिबात नाही. मोठं संकट आलं तरच सूट.

ऐकायला एकदम सही! शेवटी सरकारी कर्ज फेडणार कोण? आज पंचविशी-तिशीत असलेले आपणच.

पण बॉस, गोची पुढे आहे. कोरोनासाठी मंजूर झालेलं, पण न वापरलेलं ६० अब्ज युरोंचं कर्ज सरकारने हवामान निधीकडे वळवलं. १५ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या घटना न्यायालयाने ते रद्द केलं. बजेटला भगदाड! कर्ज काढायचं की खर्च कापायचा, यावरून तीन पक्षांचं सरकार भांडत राहिलं. ६ नोव्हेंबर २०२४ ला चॅन्सेलर शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना घरी पाठवलं आणि आघाडी फुटली. अखेर मार्च २०२५ मध्ये घटनाच बदलली. जीडीपीच्या एक टक्क्यावरचा संरक्षण खर्च ब्रेकमधून सुटला, आणि रस्ते-रेल्वे-पुलांसारख्या कामांसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी आला.

आपल्याकडे? घटनेचं २९२ वं कलम संसदेला कर्जाची मर्यादा ठरवायची मुभा देतं, सक्ती करत नाही. २००३ च्या एफआरबीएम कायद्याने तुटीला ३ टक्क्यांचं टार्गेट दिलं, पण डेडलाइन पुढेच सरकत राहिली. तिकडे ब्रेक करकचून, इकडे पार ढिला!

मला विचाराल तर खरा प्रश्न कर्ज किती हा नाहीच, ते कशासाठी हा आहे. घरासाठीचं लोन आणि गोव्याच्या ट्रिपसाठी स्वाइप केलेलं कार्ड आपण एका मापाने मोजतो का? मग रोजच्या खर्चासाठी काढलेलं कर्ज आणि पन्नास वर्षं टिकणाऱ्या पुलासाठी काढलेलं कर्ज एकाच रांगेत का उभं करायचं? पहिल्यावर कडक लगाम हवा, दुसऱ्याचा हिशेब वेगळा आणि उघडा हवा.

तेव्हा पुढच्या बजेटला टॅक्स स्लॅब बघून टीव्ही बंद करू नका. दोन आकडे आणखी बघा: राजकोषीय तूट आणि भांडवली खर्च. ईएमआय शेवटी आपल्याच नावावर आहे!