पिल्लाचं पोट : श्रावणातला एक सोमवार

सकाळी ६.४५

दवाखाना साडेनऊला उघडतो, पण माझा दिवस सुरू होतो तो फोनवर आलेल्या शीच्या फोटोंनी. पिल्लू घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला मी हे काम देते : सकाळची पहिली शी, फोटो आणि वेळ. पाहुण्यांना दाखवण्यासारखी ही चीज नव्हे, पण मला तिच्यात खूप काही दिसतं. आकार धरलाय का, फरशीवरून उचलता येईल का, वर चिकट आव आहे का, लाल रक्ताचा ठिपका आहे की सगळंच डांबरी काळं आहे. दिवसातून सात-आठ वेळा थोडी थोडी आणि आव असेल तर बिघाड बहुधा मोठ्या आतड्यात असतो. दोन-तीनदाच पण भरपूर, पाण्यासारखी आणि पिल्लू वाळत चाललेलं असेल तर लहान आतड्याकडे बघायचं. दोन्हींचा आहार वेगळा, म्हणून हा फोटो महत्त्वाचा.

आज गोडोलीच्या चिंगीचा फोटो आहे आणि बघून बरं वाटलं. मऊ आहे, पण आकार आहे.

सकाळी ८.००

कुकरमध्ये गुरगुट्या भात. एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मीठ नाही, तूप नाही, जिऱ्याची फोडणी तर नाहीच. दवाखान्यात ठेवलेल्या दोन पिल्लांचा हा दिवसभराचा भात. आमच्याकडे श्रावण पाळतात, म्हणून चिकन दवाखान्यातल्या इंडक्शनवर शिजतं : बिनहाडाचं, कातडी काढलेलं, नुसत्या पाण्यात.

कुत्र्याला भात कशाला, तो तर मांसाहारी, असं अनेकजण विचारतात. लांडग्याच्या मानाने कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं. माणसाच्या चुलीजवळ राहून त्याचं पोट आपल्या धान्याशी जुळत गेलं. मात्र भात बोटाने दाबला की पेस्ट व्हावी इतका शिजलेला हवा. फडफडीत भाताची शितं पिल्लाच्या शीत जशीच्या तशी सापडतात.

सकाळी ९.३०

सोमवारी गर्दी असते, कारण आदल्या दिवशी रविवार असतो. घरी पाहुणे येतात, प्रत्येकजण पिल्लाला काहीतरी भरवतो.

पण पहिलं पिल्लू त्यातलं नव्हतं. करंज्याहून दोन तरुण त्याला रिक्षातून टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले. दोन महिन्यांचं, रात्रीपासून उलट्या, पहाटे रक्ताची हगवण. लस झालेली नाही. हिरड्या फिक्या आणि चिकट, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर यायला वेळ लागत होता. ताप १०४. एरवी १०१ ते १०२.५ असायला हवा. शीच्या नमुन्यावर पार्वोची झटपट चाचणी केली, दुसरी रेघ उमटली.

अशा पिल्लाला भात-दही देऊन घरी बघू म्हणणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. आहार बदलून पोट बरं करण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच मी प्रत्येकाला आधी हे सांगते की पोट बिघडलं म्हणजे दरवेळी दोष वाटीत नसतो. उलटी आणि जुलाब एकत्र, रक्त, मलूलपणा, पाणीही न पिणं, यातलं काहीही दिसलं तर स्वयंपाकघरात जायचं नाही, दवाखान्यात यायचं. दोन महिन्यांच्या जिवाकडे साखरेचा साठाच नसतो. मोठ्या कुत्र्याला एखादा दिवस उपाशी ठेवून पोटाला विश्रांती देता येते, पिल्लाला नाही. काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर घसरून ते थरथरायला लागू शकतं.

सलाईन लावलं, उलटीचं औषध दिलं. उलट्या थांबल्या की यालाही पातळ अन्न चमच्याने सुरू करायचं. पार्वोतसुद्धा लवकर अन्न मिळालेली पिल्लं वजन लवकर भरून काढतात. त्या तरुणांना दोन गोष्टी सांगितल्या : पिल्लू राहत होतं ती जागा ब्लीचने धुवा, आणि लस न झालेलं दुसरं पिल्लू तिथे आणू नका, कारण हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

सकाळी ११.००

चिंगी आली. सोबत आजी, सूनबाई आणि आठवीतला नातू, त्याच्या हातात वही. नऊ आठवड्यांची गावठी पिल्ली, मागच्या भेटीत वजन २ किलो ८००. तेव्हा तक्रार अशी होती की घरात आल्यापासून पोट कधी नीट नाहीच. एक दिवस बरं, दोन दिवस पातळ. अंगात मस्ती मात्र भरपूर, उलटी नाही, ताप नाही. पार्वोची चाचणी कोरी. जंत निघाले होते, औषध झालं. आईच्या पोटातूनच आणि दुधातून गोल जंत पिल्लात येतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून ते औषध द्यावं लागतं, पिल्लू कितीही स्वच्छ घरातलं असो.

मग मी तिच्या खाण्याची यादी लिहून घेतली होती. सकाळी म्हशीचं दूध आणि ग्लुकोज बिस्किट. दहाला पिल्लांचं कोरडं खाद्य, दुधात भिजवून. दुपारी पोळी. चारला पुन्हा बिस्किट. रात्री वरण-भात, फोडणीचा. शिवाय पातळ झालं की दही-भात, दोन दिवसांनी खाद्याचा ब्रँड बदल, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून डाळिंबाच्या सालीचा काढा. या घराने प्रेमाने जे जे सुचेल ते केलं होतं. पण रोज पाच गोष्टी बदलल्या तर कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं, हे कुणालाच कळणार नाही. एका वेळी एकच बदल, आणि त्याला निदान दोन दिवस. चिंगीच्या घराला मी दिलेलं खरं औषध एवढंच आहे.

पहिला बदल दुधाचा. आजी म्हणाल्या होत्या, “डॉक्टर, आमची गावाकडची सगळी कुत्री दूध-भाकरीवरच वाढली.” त्यांचं म्हणणं खोटं नाही. काही कुत्र्यांना थोडं दूध आयुष्यभर सोसतं. पण आईचं दूध सुटायला लागलं की दुधातली साखर पचवणारं विकर पिल्लाच्या आतड्यात कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू ती आंबवतात, ती पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. गाईम्हशीच्या दुधात ही साखर कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त आणि प्रथिनं तिच्या निम्म्याच्या आसपास. कुत्रीच्या दुधाची जागा ते भरून काढू शकत नाही.

दुसरी अडचण श्रावणाची. पोट सावरायला मी उकडलेलं चिकन आणि भात सांगते. सूनबाई हळूच म्हणाल्या, “घरात महिनाभर अंडंसुद्धा येत नाही.” इथे हट्ट धरण्यात अर्थ नसतो. जे घरात शिजणार नाही ते पिल्लाच्या पोटातही जाणार नाही, आणि मग मला खोटी माहिती मिळत राहील. म्हणून साय काढलेल्या गाईच्या दुधाचं पनीर सांगितलं : दूध लिंबाने फाडायचं, फडक्यात गाळून दोनदा पाण्याने धुवायचं. साखर बहुतेक निवळीबरोबर निघून जाते, प्रथिनं उरतात. म्हशीच्या दुधाचं नको, त्यातला स्निग्धांश बिघडलेल्या पोटाला जड जातो. एक भाग पनीर, दोन भाग गुरगुट्या भात, वर चहाचा एक चमचा उकडलेला लाल भोपळा. दिवसाचं सगळं पाच वेळा वाटून. आणि बाकी काहीही नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही.

नातवाने वही पुढे केली. वेळ, काय दिलं, किती खाल्लं, शी कशी. अक्षर सुरेख आहे. परवा संध्याकाळच्या नोंदीत ‘मऊ, उचलता आली’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. वजन केलं : २ किलो ९५०. आजींनी तिला मांडीवर घेऊन पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आता पोट नगाऱ्यासारखं लागत नाही.” तपासणी म्हणून मला ही नोंद पुरेशी वाटते, कारण त्यांचा हात दिवसभर त्या पोटावर असतो.

आता पुढचा टप्पा, आणि इथेच बहुतेक घरं घाई करतात. पोट बरं दिसलं की त्याच रात्री नेहमीचं खाणं सुरू होतं आणि दोन दिवसांत सगळं परत मूळपदावर. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आणि तिथले जीवाणू, दोघांनाही नव्या अन्नाशी जमवून घ्यायला दिवस लागतात. म्हणून मुलाच्या वहीत मीच लिहून दिलं. आजपासून दोन दिवस पाव भाग पिल्लांचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून, पाऊण भाग भात-पनीर. मग दोन दिवस निम्मं-निम्मं. मग पाऊण आणि पाव. सातव्या दिवशी पूर्ण खाद्य. मध्ये शी पातळ झाली तर पुढे जायचं नाही, आधीच्या पायरीवर दोन दिवस थांबायचं. खाद्य एकच, महिनाभर ब्रँड बदलायचा नाही.

“आणि पोळी?” आजींनी विचारलं. “महिन्याने, कोरडी, बोटभर तुकडा, तुमच्याच हातून.” त्या हसल्या. भरवण्याचा आनंद घरातल्या मोठ्या माणसाकडून काढून घ्यायचा नसतो. तो कुठल्या वेळी आणि किती, एवढं ठरवून दिलं की नियम पाळले जातात.

दुपारी १.००

सूक्ष्मदर्शक. सदर बझारच्या पिल्लाचा नमुना अर्ध्या तासापूर्वीचा आहे, म्हणून उपयोगाचा. थेंबभर सलाईनमध्ये मिसळून काच सरकवली, आणि गळणाऱ्या पानासारखे गिरक्या घेत जाणारे जिआर्डिया दिसले. सकाळची शी दुपारपर्यंत डबीत राहिली असती तर ते मेले असते आणि मी ‘काही नाही’ म्हटलं असतं. या पिल्लाला तीन वेळा खाद्य बदलून झालं होतं. दोष खाद्यात नव्हताच. औषध पाच दिवस, अंघोळ, पाण्याचं भांडं रोज उकळत्या पाण्याने धुणं. आहार आहे तोच ठेवायला सांगितला.

दुपारी ४.३०

शाहूपुरीचा चार महिन्यांचा लॅब्राडॉर. सकाळची शी उत्तम, दुपारची मऊ, रात्रीची पातळ. दिवसभरात पोट दमत जातं, तेव्हा मी आधी प्रमाण विचारते. मालकांनी आत्मविश्वासाने सांगितलं, “पाकिटावर लिहिलंय तेवढंच.” वाटी घेऊन या म्हटलं होतं, ती आणली होती. तीत खाद्य भरून काट्यावर ठेवलं. त्यांना ती शंभर ग्रॅमची वाटत होती, भरली १४०. दिवसाला तीन वाट्या, म्हणजे १२० ग्रॅम जास्त, वर चीजचे तुकडे. लहान आतडं जेवढं पचवू शकतं त्यापलीकडचं सगळं खाली ढकललं जातं आणि तिथे आंबतं. खाद्य बदलायचं नाही, औषध नाही. काट्यावर मोजून तीन वेळा, चीज बंद. शिवाय त्यांनी सुरू केलेलं कॅल्शियमचं औषधही बंद. मोठ्या जातीच्या पिल्लाला पूर्ण खाद्यावर आणखी कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ बिघडते.

संध्याकाळी ६.३०

याच्या अगदी उलट केस रांगेत शेवटी होती आणि मला दिवसभरात सर्वात जास्त त्रास तिनेच झाला. पाच महिन्यांचं पिल्लू, पोट उत्तम, शी आदर्श. पुढचे पाय मात्र बाहेरच्या बाजूला वाकलेले, चालताना पंजे सपाट पडतात, उडी मारली की कळवळतं. दुसऱ्या महिन्यात पोट बिघडलं तेव्हा त्याला चिकन-भात सांगितला गेला होता, तो मानवला, आणि घरच्यांनी तेव्हापासून तोच चालू ठेवला. बंद कधी करायचा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

चिकन आणि भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर रक्तातली पातळी राखायला हाडांतून काढून घेतं. एक्स-रेमध्ये हाडं पातळ, काचेसारखी दिसत होती. मोडलेलं काही नाही, हे नशीब. पूर्ण खाद्यावर सात-आठ दिवसांत आणायचं, उड्या आणि जिने बंद, सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. या वयात हाड भरून येतं, पाय बऱ्यापैकी सरळही होतात.

ते गेल्यावर मी चिकन-भाताच्या कागदांचा गठ्ठा काढला. दवाखान्यातून देतो तो छापील कागद. त्यावर ‘फक्त पाच दिवस’ लिहिलेलं आहेच, पण खाली बारीक अक्षरात. प्रत्येक कागदावर वरच्या बाजूला लाल पेनाने सुरुवातीची आणि बंद करायची तारीख लिहायची, असं कंपाउंडर दादांशी ठरवलं. तारीख टाकल्याशिवाय कागद टेबलावरून उचलायचा नाही.

रात्री ८.४५

पार्वोच्या पिल्लाला शेवटची उलटी चारला झाली होती. चमचाभर पातळ पेज दिली, अर्धा तास थांबले, राहिली. दर दोन तासांनी एक चमचा, रात्रपाळीच्या मुलाला वेळा लिहून दिल्या. ताप १०२.८.

निघताना फोन. कराडहून एक बाई उद्या पिल्लू घरी आणणार आहेत, सात आठवड्यांचं, आणि कुठलं खाद्य चांगलं असं विचारत होत्या. मी म्हटलं, आधी तिथल्या माणसांना विचारा की ते आत्ता काय खातंय, किती वाजता, किती. तेच दोन आठवड्यांचं सोबत मागून घ्या. नवं घर, नवी माणसं, आई नाही, एवढे बदल उद्या एका दिवसात होणारच आहेत. खाणं तरी तेच राहू दे. जंताच्या औषधाच्या आणि लसीच्या तारखा लिहून आणा. दूध आणून ठेवू नका. बुधवारी सकाळी दाखवायला या, आणि येताना ताजी शी एका स्वच्छ डबीत.