कळ्या खुडणारी माणसं

ब्रिटनमधल्या डेलियाच्या प्रदर्शनात परीक्षकाकडे एक कडी असते. आतला व्यास ५२ मिलिमीटर. पाँपॉन प्रकारचं फूल त्या कडीतून आरपार गेलं पाहिजे. अडकलं की बाद, मग ते कितीही गोल आणि घट्ट असो. त्या एका मिलिमीटरवरून घरी परतताना गाडीत काय बोलणं होत असेल, याची कल्पना संसारी माणसाला सहज यावी. कारण ही हौस पुष्कळ ठिकाणी जोडीनं केली जाते. अमेरिकेतल्या डेलिया प्रदर्शनांचे निकाल चाळले तर विजेत्यांच्या जागी नवरा-बायको दोघांची नावं सर्रास दिसतात. गुलाबवाले एकांडे असू शकतात. डेलियाला मात्र चार हात लागतात, आणि त्यातले दोन निर्दयी असावे लागतात.

निर्दयी अशासाठी, की प्रदर्शनाचा डेलिया काढून टाकण्यातून घडतो. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. त्यांतल्या मोजक्या ठेवायच्या. पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या धरतात, मधली टपोरी आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक लहान. मधली राखायची, कडेच्या दोन अंगठा आणि तर्जनीत धरून बाजूला वाकवायच्या. वेळेवर हात घातला तर टक्कन सुटतात. आठवडाभर ‘राहू दे गं, छान दिसताहेत’ केलं तर देठ राठ होतो आणि सालीसकट निघतो. त्याखालच्या पानांच्या बगलेतले फुटवेही काढायचे. दहा इंचांहून मोठं, ‘जायंट’ वर्गातलं फूल हवं असेल तर अख्ख्या झाडावर चार-पाचच फुलं ठेवतात. ज्यानं रोप लहानाचं मोठं केलं त्याच्याच्यानं हे होत नाही. म्हणून अनेक घरांत कामाची वाटणी आपोआप होते. एक वाढवतो, दुसरा खुडतो.

आणि हे सगळं तारखेला बांधलेलं. प्रदर्शनाचा शनिवार हलत नाही, फुलाला हलवावं लागतं. शेंडा कधी खुडायचा, हे त्या शनिवारपासून उलटं मोजत ठरवतात. इंग्रज बागाईतदार काठीच्या टोकावर गवत भरलेली छोटी कुंडी उपडी घालतात. शेपटीला चिमटा असलेला एक तपकिरी किडा रात्री पाकळ्या कुरतडतो आणि उजाडताना त्या कुंडीत जाऊन लपतो, सकाळी तो तिथून झटकायचा. काही जण मोठ्या फुलांवर छत्र्या बांधतात. इतकं करून परीक्षक पहिल्यांदा बघतो ती फुलाची पाठ. मागच्या पाकळ्या मलूल पडल्यात का? मग मध्यभाग. तिथला पिवळा डोळा उघडा पडला असेल तर भरगच्च जातीत तो दोष. तीन फुलांचा वर्ग असेल तर तिन्ही एका मापाची, एका रंगाची, एकाच वयाची हवीत. या शेवटच्या अटीपायी लोक एकेका जातीची डझनभर रोपं लावतात.

या फुलाचा युरोपातला इतिहासही एका जोडप्यापाशी येऊन थांबतो. डेलिया मूळचा मेक्सिकोचा. १७८९ मध्ये तो माद्रिदच्या राजोद्यानात पोचला. तिथल्या कावानिलेस या धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञानं स्वीडनच्या आन्द्रेआस डाल याच्या स्मरणार्थ १७९१ मध्ये त्याचं बारसं केलं. इंग्लंडात तो आधी एकदा आला होता, पण टिकला नाही. टिकला तो १८०४ साली माद्रिदहून लेडी हॉलंडनं बी धाडलं त्यातून. ही एलिझाबेथ मोठी धारेची बाई. पहिल्या नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर, सगळी बदनामी अंगावर घेऊन, १७९७ मध्ये तिनं लॉर्ड हॉलंडशी लग्न केलं. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना ही त्याला पुस्तकं पाठवत होती. १८२४ मध्ये नवऱ्यानं तिला चार ओळींची कविता लिहिली, आणि तिनंच आणलेल्या डेलियाच्या रंगाला उपमा दिली ती तिच्या गालांची. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर! कविता बेताचीच आहे, पण नवऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

गंमत अशी, की ते बी रुजवलं या दोघांपैकी कुणीच नाही. ही मंडळी स्पेनमध्ये, आणि लंडनच्या हॉलंड हाउसमध्ये रोपं वाढवली बुओनाइयुती नावाच्या इटालियन माणसानं, जो लॉर्डसाहेबांचा ग्रंथपाल होता. १९४० च्या बाँबहल्ल्यात त्या वाड्याचं ग्रंथालय उघडं पडलं. कोसळलेल्या छपराखाली शांतपणे पुस्तकं चाळणाऱ्या तीन माणसांचं छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल, ते तिथलंच. आज त्या जागी उद्यान आहे आणि त्यात डेलियाचा स्वतंत्र वाफा.

श्रेयाचा हा गुंता आजही सुटलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या क्रिस्टीन अल्ब्रेक्ट नव्या जाती काढतात. त्यांच्या जातींच्या नावांत ‘के. ए.’ ही त्यांची एकटीची आद्याक्षरं असतात. जाती कशा काढायच्या याचं पुस्तक मात्र त्यांनी आणि त्यांचे पती ब्रायन स्प्रिनसॉक यांनी मिळून लिहिलं. मला ही वाटणी पटते. नवी जात काढणं म्हणजे जुगारच. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी आठ संच असतात, एकूण ६४. त्यामुळे बियांतून आईसारखं मूल येतच नाही. शेकडो रोपं लावायची आणि बहुतेक सगळी उपटून टाकायची. त्यातून एखादं मनासारखं निघालं तर ते पुढे फक्त कंदानं किंवा कलमानं टिकतं. कार्डिफच्या फ्रेड ट्रेसेडरनं १९२० च्या दशकात काढलेला लाल ‘बिशप ऑफ लँडाफ’ आजही बागांत आहे. तो शंभर वर्षं कुणी ना कुणी दर हिवाळ्यात उकरून, वाळवून, जपून ठेवला म्हणून.

कंद जपणं हे प्रदर्शनाइतकंच कसबी काम. थंड देशांत हिमानं पानं काळी पडली की झाड कापतात, गड्डा उकरतात आणि पोकळ देठातलं पाणी निथळावं म्हणून उलटा ठेवतात. वाटे करताना प्रत्येक कंदाच्या मानेशी, जुन्या खोडाच्या बुंध्याला लागून, एक तरी डोळा हवा. नुसता गलेलठ्ठ कंद काहीच कामाचा नाही. जातीचं नाव शाईच्या पेन्सिलीनं थेट कंदावरच लिहितात, कारण चिठ्ठ्या हरवतात आणि उन्हाळ्यात जांभळ्याच्या जागी पिवळं उमललं की चिठ्ठी कुणी बांधली होती याची चौकशी बसते.

आपल्याकडे सगळं पंचांगच उलटं. पाऊस ओसरल्यावर रोप लावायचं आणि ऐन थंडीत फूल घ्यायचं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं, तेव्हा शेंडा खुडण्याचा हिशेब त्यावरून मागे मोजायचा. हौशी लोकांचं माहेर मात्र बंगाल. कोलकात्याची बागाईत संस्था १८२० मध्ये विल्यम केरीनं काढली. हा तोच केरी, ज्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. बंगाली बागांत डेलिया मुख्यतः कलमांनी वाढवतात, कारण आपल्या सपाट मुलखात कंदांचा वैरी हिम नसून वैशाख आहे. कंद ज्यात पुरून ठेवतात ती वाळू फार कोरडी झाली तर तो सुकून चिपाड होतो, पहिल्या पावसाची ओल लागली तर सडतो. त्यामुळे आपल्याकडच्या जोडप्याचा वाद एप्रिल-मेमध्ये होतो. माठाखालची गार जागा कंदांच्या टोपलीला द्यायची की कांद्यांना, यावर.