हौद्यात घडणारी ताकद

पैलवानाने जिममध्ये जाऊन वजनं मारावीत की नाही, यावर कोल्हापुरात आजही दोन तट पडतात. जुने वस्ताद म्हणतात, वजनं मारून अंग आखडतं, पोरगं लाकूड होतं. नव्या प्रशिक्षकांचं म्हणणं, नुसत्या जोर-बैठकांवर गादीवरची कुस्ती आता निघत नाही. दोघंही अनुभवाचंच बोलतात, म्हणून हा वाद मिटत नाही. पण तालीम पैलवानाच्या अंगात ताकद नेमकी कुठल्या वाटेने घालते, हे वाद घालताना फारसं कुणी उलगडून सांगत नाही. ते समजलं की लोखंडाची जागा कुठे आहे आणि कुठे नाही, हे ठरवणं सोपं जातं.

कोल्हापुरात तालीम ही संस्था रुजवली ती राजर्षी शाहू महाराजांनी. 1894 ते 1922 या त्यांच्या कारकिर्दीत पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळालं, बाहेरचे नामांकित मल्ल दरबारच्या आश्रयाला आले आणि 1912 साली खासबागेचं मैदान तयार झालं. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं कुस्तीशी संबंध नसलेल्यांनाही ठाऊक असतात. सांगली, सातारा, सोलापूर, बेळगावकडच्या खेड्यांतून आलेली पोरं तालमीतच राहतात, तिथेच रांधतात, तिथेच झोपतात. घरचे दूध-तुपाला, बदामाला पैसा पुरवतात. कित्येक घरांत एका पोराच्या खुराकासाठी बाकी सगळ्यांनी हात आखडता घेतलेला असतो. त्यामुळे मेहनत कशी करायची हा प्रश्न तालमीत हौसेचा राहत नाही.

दिवस हौद्यापासूनच सुरू होतो. दबून घट्ट बसलेली माती फावड्याने खणायची, ढेकळं फोडायची, मग सारखी करायची. या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर मुरवलेला असतो, म्हणजे ती मऊ राहते आणि अंगाला बाधत नाही. खणणाऱ्या पोराकडे जवळून बघावं. पाय फाकलेले, गुडघे किंचित दुमडलेले, कंबर खाली, आणि फावडं दोन पायांच्या मधून स्वतःकडे ओढलेलं. खालून पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय ओढून त्याला पाडताना, अंगाची ठेवण जवळपास हीच असते. पाठ, मांडीची मागची बाजू, मनगट, पंजा सगळं एकाच ओढीत कामाला लागतं. हौदा खणणं ही नव्या पोरांवर टाकलेली हमाली वाटते, पण ती मेहनतच आहे, आणि फार शहाणपणाने निवडलेली.

त्यानंतर जोर, सपाटे, बैठका. पण तालमीचा खरा गाभा लढतीत असतो. वस्ताद काठावर उभे राहून जोड्या लावतात. एखाद्या पोराचा कस काढायचा असला की त्याच्यासमोर एकामागून एक ताज्या दमाचे गडी सोडतात. पहिल्याशी लढून तो दमला की दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याच्या वेळी त्या पोराच्या अंगात जी ताकद उरते, तीच मैदानात कामी येते. दम गेल्यावरही हाताची पकड सुटू न देणं, ठेचाळलेल्या पायावरच तोल सावरणं, हे लढतीशिवाय दुसऱ्या कशानेही येत नाही.

कुस्तीच्या सुरुवातीची खडाखडी घ्या. बघणाऱ्याला वाटतं, दोघं नुसते एकमेकांना चाचपतायत. प्रत्यक्षात समोरच्याचा पंजा मानेवर पडलेला असतो आणि तो आपल्या अख्ख्या वजनानिशी मान खाली ओढत असतो. मान ताठ ठेवायची तर फक्त मानेचं काम नाही. पाठीचा कणा, पोट, मांड्या सगळं कामाला लागतं, पायाची बोटंसुद्धा मातीत रुतवावी लागतात. ओढीची दिशा क्षणाक्षणाला बदलते. कधी खाली, कधी बाजूला, कधी एकदम सैल सोडून उलट रेटा. त्यात एक हात त्याच्या मनगटाशी झगडत असतो आणि नजर त्याच्या पायांवर. मिनिटभर ही झटापट झाली की खांदे भरून येतात. जिममधला कुठलाही एक व्यायाम हे काम करून देत नाही, कारण लोखंडाच्या मनात काही नसतं. बारला उचलून घ्यायचंच असतं असं म्हटलं तरी चालेल. तो मधोमध धरायला केलेला असतो, दोन्हीकडे सारखा असतो, कालच्याइतकाच आज भरतो. नव्वद किलोचा पैलवान पालथा पडून मातीला चिकटला की त्याची कंबर उचलणं ही वेगळीच गोष्ट. तो निसटतो, वजन टाकतो, घामाने हातातून सुटतो. त्या ओढाताणीत जी ताकद घडते ती डावात मुरूनच येते, नंतर वेगळी जोडावी लागत नाही.

इथवर मी जुन्या वस्तादांच्या बाजूचा आहे.

पण तालमीत वजन नव्हतंच, हे मात्र खरं नाही. मुद्गल, करेला, गदा, दगडी नाल ही सगळी वजनंच. खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका काढणं, पाठीवर माणूस बसवून जोर मारणं म्हणजे वजन वाढवत नेणंच. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक भलाथोरला दगड ठेवलेला आहे; 1902 साली गामा पैलवानाने तो उचलला, असं त्यावर कोरलं आहे. हाताच्या पकडीसाठी पैलवान मल्लखांबावर घाम गाळत, दोरावर चढत. मल्लविद्येला पूरक म्हणूनच मल्लखांबाची जोपासना झाली, आणि उत्तर पेशवाईत बाळंभट्टदादा देवधरांनी त्याचं पुनरुज्जीवन केलं. म्हणजे लढतीबाहेरची मेहनत परंपरेला नामंजूर नव्हती. ती लढतीच्या दिमतीला असायची, एवढंच.

आता बैठकांचं बघू. हजार बैठका काढणारा पैलवान हा आपल्याकडे कौतुकाचा विषय, आणि ते कौतुक रास्त आहे. पण हजारावी बैठक अंगाला काय देते? स्नायूंमधले सगळे तंतू मेंदू एकदम कामाला लावत नाही. काम हलकं असलं की बारीक, लवकर न थकणाऱ्या तंतूंवर भागवतो. ओझं वाढेल तसे जाड, जोरकस तंतू हाकारतो. एल्वुड हेनेमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर हा क्रम दाखवून दिला. स्वतःच्याच वजनावर बैठका काढत राहिलं की सरावलेल्या पैलवानाला ते ओझं लवकरच हलकं पडतं. मग आकडा वाढवला तरी वाढतो तो दम, चिकाटी, मनाचा घट्टपणा. एका झटक्यात माणूस जमिनीवरून उचलायची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. ती वाढवायला ओझं वाढवावं लागतं. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे दुबळे पडलेले पाय याच मार्गाने सुधारले, आणि 1945 साली आपली पद्धत मांडली. थोड्या आवृत्त्या, जड वजन, आणि अंग सरावलं की वजनात वाढ. आजच्या जिमचं सगळं गणित तिथून आलेलं आहे. शिवाय खोल बैठकीत टाचा उचललेल्या असतात, गुडघ्यांवर भार येतो. रोज हजारोंनी हे करणाऱ्याचे गुडघे पुढे कुरकुरायला लागले तर नवल नाही.

आणि कुस्तीच बदलली आहे. मातीतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची. अर्धा-अर्धा तास झोंबणारे गडी लोकांनी पाहिलेले आहेत. तालमीची मेहनत त्या कुस्तीच्या मापाने बेतलेली होती आणि त्या मापाला ती चोख होती. 1959 साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे, त्यांच्यानंतर 1960 साली तो मान मिळवणारे गणपतराव आंदळकर हे याच मेहनतीतून आले. गादीवर मात्र तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे अर्धा मिनिट विश्रांती, आणि गुणांची कुस्ती. मातीत पाय रुततो, चाल जड होते. गादीवर पाय सरसर चालतात, पटात शिरायला पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ मिळतो. तिथे शिरणं, उचलणं, फेकणं हे सगळं एका श्वासात व्हावं लागतं. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. एकाच पैलवानाकडून दोन तऱ्हांची ताकद मागणारी ही स्पर्धा आहे.

खाशाबा जाधवांचं उदाहरण या वादात दोन्ही बाजू पुढे करतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापुरात तयार झाले. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. गादीची खरी ओळख त्यांना तिथेच झाली. चार वर्षांनी हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीशी त्यांची प्रदीर्घ झुंज झाली, आणि पुरेशी विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोवसमोर उभं राहावं लागलं. इशीने त्या गटाचं सुवर्ण जिंकलं, मामेदबेयोवने रौप्य. अंगकाठीने किरकोळ असलेला माणूस जगातल्या अव्वल दोघांशी पाठोपाठ भिडतो, ही ताकद लढतींनीच दिलेली होती. लंडनमध्ये जे कमी पडलं तेही लढतींनीच भरून निघालं, फक्त त्या लढती गादीच्या नियमांनी, गादीच्या चालीने कराव्या लागल्या. मला त्यातून एवढंच दिसतं की पैलवान ज्या जमिनीवर लढणार, त्याच जमिनीवर त्याचा बहुतेक घाम गळायला हवा.

मग लोखंड कुणी आणि किती उचलावं? चौदा-पंधरा वर्षांच्या, रानात राबून आलेल्या पोराला ते लागत नाही. हौदा खणावा, जोर मारावेत, दोरावर चढावं, आणि मोठ्यांच्या हाताखाली रोज लढावं. त्या वयात डाव अंगात बसतात, आणि डाव बसायच्या वेळेत आरशासमोर दंड फुगवत बसणं हे नुकसान आहे. शहरातून आलेल्या, दिवसभर बाकावर बसणाऱ्या पोराची गोष्ट वेगळी. त्याच्या पाठीला आणि मांड्यांना आधी आधार द्यावा लागतो, आणि तो वजनाने लवकर मिळतो. विशी ओलांडलेला, वजनी गटात लढणारा पैलवान असेल तर त्याने आठवड्यातून दोनदा बारखाली उभं राहायलाच हवं. थोड्या आवृत्त्या, जड वजन, पुरेशी विश्रांती. अशा मेहनतीने मेंदू आहेत तेच तंतू अधिक चांगले कामाला लावायला शिकतो, त्यामुळे अंग फार न फुगता ताकद वाढते. 74 किलोत लढणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. आवृत्त्या वाढवून दंड-छाती कमावली तर तो वरच्या गटात जातो आणि तिथले गडी त्याच्याहून हाडापेराने मोठे असतात.

मात्र लोखंड लढतीचा दम खाणार नाही, एवढी राखण करावी लागते. सकाळ-संध्याकाळ लढती करून दुपारी चोरून जिममध्ये जाणारी पोरं मी पाहिली आहेत. हौद्यात उतरताना त्यांचे पाय आधीच भरलेले असतात. मग पट काढताना उशीर होतो, हात मागे राहतो, आणि खांदा निखळतो. दोष लोखंडाला दिला जातो, खरा दोष वेळापत्रकाचा असतो. तयारीच्या महिन्यांत वजन जास्त, जत्रा-मैदानांच्या हंगामात अगदी मोजकं, आणि कधीही लढतीच्या आधी नाही, इतका साधा नियम पाळला तरी पुष्कळ दुखापती टळतील.

अडचण आहे ती शिकवणाऱ्याची. आता बऱ्याच तालमींत एका कोपऱ्यात बार आणि चकत्या आलेल्या दिसतात. देणगी म्हणून येतात, उद्घाटन होतं. पण वस्तादांना बारची तंत्रं ठाऊक नसतात, आणि जिमच्या प्रशिक्षकाने कुस्ती धरलेली नसते. तो पैलवानाला छातीचा दिवस, खांद्याचा दिवस असं वाटून देतो, जसं शरीरसौष्ठव करणाऱ्याला द्यावं. पाठ बाकवून जड वजन ओढणारी पोरं बघितली की जीव कळवळतो, कारण त्यांना अडवणारं तिथे कुणी नसतं. तालमींना अनुदान देताना लोखंडाऐवजी दोन्ही जाणणारा एक माणूस द्यावा, असं मला फार वाटतं. पाच तालमींत मिळून एक असला तरी चालेल.

मुलींच्या कुस्तीकडे बघताना ही गरज आणखी ठळक होते. 2023 साली सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. जुन्या तालमींची दारं मुलींना कित्येक पिढ्या बंदच होती, म्हणून आज कुस्तीत आलेल्या बहुतेक मुलींनी सुरुवातच गादीवर केली आहे. अंग आखडतं की नाही या वादाचं ओझं त्यांच्यावर नाही. वजन घ्या म्हटलं की त्या घेतात. त्यांना कमी पडतात त्या लढती. आपल्या वजनाच्या, आपल्या तोडीच्या चार-पाच जोडीदार रोज मिळणं त्यांना दुरापास्त असतं, मग त्याच एका मैत्रिणीशी महिनोन्‌महिने लढावं लागतं. तिचे डाव पाठ होतात, आणि पाठ झालेल्या अंगाशी झगडून ताकद वाढायची थांबते. मुलींसाठी निवासी केंद्र काढणाऱ्यांनी जिमच्या यादीआधी मुलींची यादी करावी, एकेका वजनात निदान चार.