वर्गणी, दान आणि पत : रायपूरमधील एक साहित्यिक उद्यम

माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचा विचार हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात नेहमी होतो. त्याच्या अर्थकारणाचा मात्र क्वचितच. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या या मासिकाचे संपादक सप्रे व रामराव चिंचोलकर, तर मालक-प्रकाशक रायपूरचे वामन बळीराम लाखे होते. तिघेही मराठी भाषक, मासिक मात्र हिंदी. ज्या भाषेतील वाचकवर्ग त्या प्रदेशात अजून घडायचा होता, तिच्यासाठी केलेली ही पदरमोडच होती. सप्रे तेव्हा पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक होते व त्या वेतनाचा मासिकाला आधार होता. तोटा सोसून तीन वर्षे चाललेले हे मासिक १९०२ मध्ये बंद पडले.

मराठीतील ‘वर्गणी’ आणि हिंदीतील ‘चंदा’ हे दोन्ही शब्द उत्सवाच्या देणगीलाही लागतात आणि नियतकालिकाच्या वार्षिक मोलालाही. ही संदिग्धता निव्वळ भाषिक नाही. मोल थकवणारा ऋणको ठरतो. देणगी न देणाऱ्याला कोणी ऋणको म्हणत नाही. लोकसेवा म्हणून काढलेले पत्र या दोहोंच्या मध्ये अडकते.

याच मासिकात १९०१ मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदार आपल्या वाड्याच्या आवारासाठी अनाथ विधवेची झोपडी बळकावतो. तिने मागितलेली टोपलीभर माती त्याला उचलवत नाही, तेव्हा तो खजील होऊन झोपडी परत करतो. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात ही कथा इतकी गुंतली आहे की तिच्यातील अर्थविचार दुर्लक्षितच राहिला. येथे न्याय मिळतो तो दात्याच्या पश्चात्तापातून. त्याचे मन द्रवले नसते तर विधवेपाशी दुसरा उपाय नव्हता.

लाख्यांचा पुढील मार्ग नेमका येथे वेगळा होतो. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मान्यता दिली होती. त्यांना भांडवल पुरवणाऱ्या मध्यवर्ती संस्थांना ती १९१२ च्या कायद्याने मिळाली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली. तिच्या स्थापनेत लाखे अग्रभागी होते. मासिकाच्या अपयशातून बँक निघाली, असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही एकाच व्यक्तीच्या आयुष्यातील हा क्रम लक्षणीय आहे : बँकेच्या व्यवहारात सावकाराचे मन द्रवण्याची वाट पाहावी लागत नाही.

दानाची परंपरा अर्थात खंडित झाली नाही. तरेंग्याचे मालगुजार दाऊ कल्याणसिंह यांच्या देणगीतून रायपुरात रुग्णालय उभे राहिले. २००० मध्ये छत्तीसगढ राज्य झाल्यावर त्याच वास्तूत काही वर्षे मंत्रालय होते, आणि नंतर ती पुन्हा रुग्णांकडे आली. दात्याचा हेतू वास्तूला कायमचा बांधून ठेवत नाही, तो असा.

सहकारी पतीलाही मर्यादा होतीच. ग्रामीण पतसंस्थेत सभासद परस्परांच्या कर्जाला अमर्याद जबाबदार असत, म्हणून ते एकमेकांना पारखूनच आत घेत. सप्र्यांच्या कथेतील विधवेजवळ जमीन नव्हती, कमावता पुरुष नव्हता. तिला जामीन कोण राहिले असते?